पराभवांची खतावणी

व्यापाऱ्याच्या घरातील मुलाला बाराखडीच्या बरोबरीनेच जमा आणि नावे या दोन शब्दांची ओळख होते. आमच्या घरीही तसेच झाले. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे आमचे गाव. गोविंदप्रभूंच्या वास्तव्यामुळे महानुभावांचे ते मोठे तीर्थक्षेत्र. आता तेथे मराठी भाषा विद्यापीठही आले आहे. माझ्या लहानपणी मात्र आमचे जग म्हणजे बाजारातील बाबूजींचे किराणा आणि सरकी-ढेपेचे दुकान, त्यामागची वखार आणि वरच्या मजल्यावरचे घर. दिवस मावळण्यापूर्वी जेवणे उरकत आणि मग दिव्याखाली रोजमेळ मिळवला जाई. चार आण्यांचा फरक निघाला, तरी तो सापडेपर्यंत कोणी उठत नसे.

बाबूजींचा एक नियम होता. नुकसानीची नोंद नफ्याच्या नोंदीपेक्षा बारीक अक्षरात करावयाची नाही. नफा माणसाच्या लक्षात राहतो. तोटा लिहून ठेवला नाही तर तो विसरतो आणि विसरला की पुन्हा करतो, असे त्यांचे म्हणणे. पुढे मी एम.कॉम. झालो, बँकेत सदतीस वर्षे नोकरी केली, लेखापरीक्षणाची जाडजूड परिपत्रके वाचली. परंतु हिशेब कशासाठी ठेवावयाचा याचे इतके सरळ उत्तर मला त्यांत मिळाले नाही.

हे सारे आठवण्याचे निमित्त क्रिकेटचे आहे, याचे वाचकांना कदाचित नवल वाटेल. पण आमच्या घरात क्रिकेट आले ते खेळ म्हणून नव्हे, हिशेब म्हणूनच.

ऑक्टोबर १९६९ मध्ये नागपुरात प्रथमच कसोटी सामना झाला. भारत विरुद्ध न्यूझीलंड. मी तेव्हा दहा वर्षांचा, दादा पंधरा वर्षांचा. नागपूर आम्हाला विलायतेइतकेच दूर. पण दुकानात रेडिओ होता. मागील वर्षीच्या एका लाल चोपडीत काही पाने कोरी उरली होती. दादाने त्यांवर रेघा मारल्या आणि समालोचन ऐकत एकेक फलंदाजाच्या नावे धावा टिपण्यास सुरुवात केली. न्यूझीलंड ३१९ आणि २१४, भारत २५७ आणि १०९. आपल्या नागपुरातील पहिल्याच कसोटीत भारत १६७ धावांनी हरला. दादाने रागाने ते पान धरले आणि फाडणार, इतक्यात बाबूजींनी त्याचा हात धरला. चोपडीचे एक पान फाडले की सारी चोपडी खोटी ठरते, एवढेच ते म्हणाले. त्या दिवसापासून दादाने एकही पान फाडले नाही.

लिहावयाचे काम दादाचे, तपासावयाचे माझे. धावफलक म्हणजे दुहेरी नोंदच असते, हे मला वाणिज्य शाखेत जाण्याच्या कितीतरी आधी कळले ते त्यामुळेच. एका बाजूला सर्व फलंदाजांच्या धावा आणि अवांतर यांची बेरीज. दुसऱ्या बाजूला सर्व गोलंदाजांनी दिलेल्या धावा, त्यांत गोलंदाजांच्या नावे न धरलेले अवांतर मिळवावयाचे. दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत. जुळल्या नाहीत तर कोठेतरी चूक आहे. एकतर आपल्या ऐकण्यात किंवा छापणाऱ्याच्या खिळ्यांत. जुळल्या की पानाच्या तळाशी ‘तपासले’ असे लिहून मी माझे आद्याक्षर घालीत असे. एका वर्तमानपत्राच्या धावफलकातील सात धावांचा फरक मी शोधून काढला, तेव्हा दादाने दुकानातल्या बरणीतून मला खडीसाखरेचा मोठा खडा काढून दिला होता. माझ्या आयुष्यातील लेखापरीक्षणाचे ते पहिले मानधन.

दुकानाच्या ओट्यावर संध्याकाळी चार मंडळी जमत. शाळेतील एक गुरुजी, शिंपी, एस.टी.चा एक वाहक. गावसकर थोर की विश्वनाथ, बेदीचा चेंडू हवेत थांबतो म्हणजे काय, यावर तासन्‌तास वाद चालत. त्यांपैकी एकानेही कसोटी सामना डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. कोणी काही ठोकून दिले की गुरुजी विचारीत, “पायलं की आयकलं?” आणि मग सांगत, “बाबू, हे रिद्धपूर हाय. म्हाइंभटाचं गाव.” त्यांचे म्हणणे खरे होते. सातशे वर्षांपूर्वी म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या आणि मगच ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. ज्या गावात मराठी गद्य असे साक्षीपुराव्याने जन्मले, तेथे सोलकरने किती झेल घेतले हे अंदाजे सांगणे गुरुजींना शोभत नसे. मग दादाची चोपडी मागविली जाई आणि वाद मिटे.

कसोटीबरोबर दादाने आणखी एक खाते उघडले होते आणि खरे सांगावयाचे तर त्याचा जीव त्यातच होता. ते खाते विदर्भाचे. रणजी करंडक १९३४-३५ साली सुरू झाला, तेव्हा आपला संघ ‘मध्यप्रांत आणि वऱ्हाड’ या नावाने खेळत असे. वऱ्हाडाचे नाव पहिल्या वर्षापासून रणजीत आहे, याचा दादाला विलक्षण अभिमान. १९५७-५८ पासून विदर्भ या नावाने संघ उतरू लागला. त्यानंतर वर्षांमागून वर्षे गेली, करंडक काही आला नाही. मध्य विभागात आमची गाठ राजस्थान, रेल्वे, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश यांच्याशी पडे आणि बहुतेकदा आम्ही हरत असू. पुष्कळदा वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात दोन ओळी तेवढ्या येत. दादा मालाच्या खरेदीसाठी अमरावतीला गेला की वाचनालयात बसून इंग्रजी वृत्तपत्रांतून पूर्ण धावफलक उतरवून आणी. डावाने पराभव झाला असला तरी अक्षर तेच, शाई तीच. मी विचारले, “हे कशाला लिहायचे?” तो म्हणाला, “हारलं त हारलं. आपलं हाय ना? लिवून ठेवायचं.”

शिक्षण संपवून मी बँकेत लागलो. माझ्या शिक्षणाचा खर्च दुकानातून झाला आणि दुकान तोवर दादाच चालवीत होता, ही नोंद येथे करून ठेवतो, कारण पुढे ती मी विसरलो. बदली होत होत मी मुंबईला पोहोचलो. मुंबईत क्रिकेट म्हणजे रोजचा पाव. १९५८-५९ ते १९७२-७३ सलग पंधरा वेळा रणजी करंडक जिंकलेला तो संघ; नव्वदच्या दशकातही त्यांचे कपाट भरतच होते. लोकलमध्ये, कॅन्टीनमध्ये, सर्वत्र त्यांच्याच विजयांची चर्चा. मीही हळूहळू ‘आपली मुंबई’ म्हणू लागलो. बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर मी माझे खाते दुसऱ्या शाखेत हलविले. विदर्भाकडून वसुलीची आशा उरलेली नाही असे ठरवून ते मी मनातल्या मनात बुडीत खात्यात टाकले. सुट्टीत गावी गेलो की दादा चोपडी पुढे करी. मी पाने चाळून ‘तपासले’ लिहून देई. बेरीज मात्र करीत नसे. त्याला ते कळत असावे.

१९९६ साली बाबूजी गेले. दोन वर्षांनी वाटणीचा विषय निघाला. तो तपशील सांगण्यात अर्थ नाही. व्यापारी घरांत असे विषय कसे निघतात आणि कोठे जातात, हे वाचकांना ठाऊक आहे. दुकान दादाकडे राहावे हे मला मान्य होते, पण वखारीच्या जागेत मी माझा अर्धा हिस्सा मागितला. कागद माझ्या बाजूने होता. मी तो टेबलावर ठेवला, व्याज आणि बाजारभाव यांचे आकडे मांडले. दादा एवढेच म्हणाला, “तू हिशोब चांगला शिकला.” सही करून तो उठून गेला. त्यानंतर आमचे बोलणे थांबले.

भांडण झाले नाही, म्हणून ते मिटविताही आले नाही. लग्नकार्यात समोर आलो तर नमस्कार होई. दरवर्षी पर्युषणानंतर क्षमापनेचे छापील कार्ड त्याच्याकडून येई, माझ्याकडून जाई. मजकूर छापखान्याचा, सही आपली. आपल्या किती घरांत अशी कार्डे येतात-जातात, कोण जाणे. नोव्हेंबर २०११ मध्ये खापरखेड्याचा उमेश यादव दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध खेळला. विदर्भाकडून कसोटीपर्यंत पोहोचलेला तो पहिला खेळाडू, एका खाणकामगाराचा मुलगा. विदर्भाचा संघ प्रथम उतरला त्याला तेव्हा चौपन्न वर्षे झाली होती. त्या दिवशी मी दूरध्वनी उचलला, रिद्धपूरच्या क्रमांकाचे चार आकडे फिरविले आणि ठेवून दिला.

आता डिसेंबर २०१७ कडे येतो. सेवानिवृत्तीला दीड वर्ष उरले होते आणि मी अमरावतीला परत आलो होतो. त्या हंगामात विदर्भाने उपांत्य फेरी गाठली होती. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि अनुभवी फलंदाज वसीम जाफर, दोघेही मूळ मुंबईचे. कर्णधार मात्र आपला फैज फजल. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर समोर कर्नाटक. पहिल्या डावात आपण १८५, ते ३०१. ११६ धावांचे कर्ज डोक्यावर. दुसऱ्या डावात आपण ३१३ केल्या आणि त्यांना १९८ धावांचे लक्ष्य दिले. चौथ्या दिवसाअखेर त्यांचे सात गडी १११ धावांत गेले होते. पाचव्या दिवशी सकाळी, २१ डिसेंबरला, मी शाखेत टेबलाखाली मोबाईल धरून धावसंख्या पाहत होतो. ज्या खात्यावर मी कधीच काट मारली होती, त्याची शिल्लक पाहण्यासाठी माझा हात का थरथरत होता, ते मला सांगता येणार नाही. त्यांच्या शेपटाने पाठ सोडली नाही. १५०, १७५, १९०. आणि मग रजनीश गुरबाणीने शेवटचा गडी टिपला. १९२. अभियांत्रिकी शिकलेल्या त्या मुलाने दुसऱ्या डावात ६८ धावांत सात, सामन्यात एकूण बारा बळी घेतले होते.

दोन मिनिटांनी मोबाईल वाजला. क्रमांक रिद्धपूरचा. मी तो कानाला लावला. पलीकडून काही क्षण नुसता श्वास ऐकू आला आणि मग दादाचा आवाज.

“पाच रनानं.”

मी म्हणालो, “पाहिलं, दादा.”

“फक्त पाच रनानं जितलो,” तो पुन्हा म्हणाला, आणि फोन ठेवून दिला. एकोणीस वर्षांनंतर आम्ही बोललो ते एवढेच.

अंतिम सामना इंदूरच्या होळकर स्टेडियमवर दिल्लीशी होता. विदर्भाचा हा पहिलाच अंतिम सामना. दिल्ली २९५, गुरबाणीची हॅट्‌ट्रिक. रणजीच्या अंतिम सामन्यात अशी कामगिरी त्यापूर्वी एकदाच, १९७२-७३ मध्ये तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमने केली होती. अकोल्याच्या आदित्य ठाकरेचे प्रथम श्रेणीतील पदार्पणही याच सामन्यात झाले. मग आपले ५४७, त्यांत अक्षय वाडकरच्या १३३. १ जानेवारी २०१८ रोजी नऊ गड्यांनी विदर्भ जिंकला. प्रत्येक दिवसाच्या खेळानंतर दादाचा दूरध्वनी आला होता; प्रत्येक वेळी एकदोन वाक्यांचा आणि केवळ आकड्यांचा. विजयानंतर मात्र तो आला नाही. मी वाट पाहिली आणि दुपारी गाडी काढून रिद्धपूरला गेलो.

दुकान तेच होते. दादाचे केस पांढरे झाले होते. वहिनींनी पाणी आणले. त्याने मला बसावयास सांगितले नाही आणि उठावयासही सांगितले नाही. आतून त्याने चोपड्यांचा गठ्ठा आणला, वरची चोपडी उघडून माझ्यापुढे ठेवली. इंदूरचा पूर्ण धावफलक, तेच टपोरे अक्षर. तळाशी लिहिले होते, ‘तपासले’, आणि पुढे जागा रिकामी.

मी मागची पाने उलटू लागलो. २०१५, २००९, २००३, १९९९. विदर्भाचा हाती आलेला प्रत्येक सामना लिहिलेला होता. कित्येक पराभव, काही अनिर्णित, थोडे विजय. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी ‘तपासले’ असे लिहून पुढे माझ्या आद्याक्षराची जागा कोरी सोडलेली. वाटणीनंतरच्या पहिल्या पानापासून. मी ज्याला बुडीत खात्यात टाकले होते, त्याने माझे खाते एकोणीस वर्षे उघडे ठेवले होते.

मला काही बोलता आले नाही. मी खिशातून पेन काढले आणि सही करू लागलो, तर त्याने चोपडीवर हात ठेवला. “पयले बेरीज कर,” तो म्हणाला.

तेव्हापासून दर पंधरवड्याला मी रिद्धपूरला जातो. एका बैठकीत चार-पाच पाने होतात. बेरीज करतो, दोन्ही बाजू जुळवितो, मग आद्याक्षर घालतो. एकदा नऊ धावांचा फरक निघाला आणि तो कोणाचा, छापणाऱ्याचा की उतरविणाऱ्याचा, यावर आमचा असा वाद झाला की वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. वखारीचा माझा हिस्सा परत करण्याची गोष्ट मी एकदा काढली होती. तो म्हणाला, “ते खातं बंद झालं. हे चालू हाय. याच्यात बोल.”

फेब्रुवारी २०१९ मध्ये आम्ही दोघे जामठ्याच्या मैदानावर गेलो. आयुष्यात प्रथमच एकत्र आणि प्रथमच डोळ्यांनी. सौराष्ट्राविरुद्धच्या अंतिम सामन्याचा तो शेवटचा दिवस. डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटे याने दोन्ही डावांत मिळून अकरा बळी घेतले. चेतेश्वर पुजारासारखा फलंदाज दोन्ही वेळा त्याला बळी पडला, १ आणि ० धावांवर. ७८ धावांनी जिंकून विदर्भाने करंडक राखला. त्या हंगामात चाळिशी ओलांडलेल्या वसीम जाफरने हजारावर धावा केल्या होत्या. परतीच्या वाटेवर दादा सारखा सरवटेच्या चेंडूची वळणे हाताने काढून दाखवीत होता. पन्नास वर्षे ऐकून लिहिणाऱ्या माणसाने त्या दिवशी पाहून लिहिले. पानाच्या कोपऱ्यात त्याने ‘समक्ष’ असा शब्द घातला. गुरुजी असते तर संतोषले असते.

आकड्यांच्या गमतीही पुष्कळ निघतात. फैज फजल भारताकडून एकच एकदिवसीय सामना खेळला, २०१६ साली झिंबाब्वेमध्ये, आणि त्यात नाबाद ५५ धावा केल्या. सरासरी काढताना धावांना बाद झालेल्या डावांनी भागतात. येथे भाजक शून्य. म्हणजे त्याची सरासरी काढताच येत नाही. दादाने त्या रकान्यात आडवी रेघ मारली आहे आणि मला विचारले, “हे नुकसान का नफा?” बँकेच्या कोणत्याही परीक्षेत मला इतका अवघड प्रश्न आला नव्हता. एका दिवसाची संधी, तीत काहीही चूक नाही आणि तरी पुन्हा बोलावणे नाही. अशी माणसे व्यापारातही असतात, नोकरीतही असतात. त्यांच्या रकान्यात काय लिहावे?

दादाचा मुलगा अमेरिकेत फिलाडेल्फियाला असतो. त्याचा मुलगा सुट्टीत आला असता आजोबांच्या चोपड्या पाहून चकित झाला. तिकडे बेसबॉलच्या सामन्याला तोही अशीच वही घेऊन बसतो, चौकोन आखलेली; बाद होण्याच्या एका प्रकाराला ‘के’ हे अक्षर घालतात. मी चौकशी केली तेव्हा कळले की बेसबॉलचे धावफलक रूढ करणारे हेन्री चॅडविक हे मूळचे इंग्लंडचे, क्रिकेटचे वार्ताहर. म्हणजे ती वही आणि ही चोपडी दूरच्या भावकीतलीच. नातवाने आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांचा फिलीज हा संघ १८८३ पासून खेळतो आणि जुलै २००७ मध्ये त्याचा दहा हजारावा पराभव झाला. अमेरिकेतील कोणत्याही व्यावसायिक संघाच्या नावावर त्याआधी इतके पराभव नव्हते. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, तोच संघ अजिंक्यपदाची जागतिक मालिका जिंकला. दादाने दहा हजार हा आकडा दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग समाधानाने म्हणाला, “म्हंजे तिकडंही कोनीतरी लिवून ठेवलं.”

मार्च २०२४ मध्ये माझी परीक्षा झाली. अंतिम सामना वानखेडेवर, मुंबई विरुद्ध विदर्भ. सकाळीच दादाचा दूरध्वनी. “तू कोनाकडून हायस?” तो थट्टेने विचारीत होता, पण मी थट्टेने उत्तर देऊ शकलो नाही. मी म्हणालो, “दादा, मी खाते केव्हाच परत आणले आहे.” पहिल्या डावात आपण १०५ धावांत कोसळलो. विजयासाठी ५३८ हव्या होत्या. मुंबईतला मी असतो तर सामना तेथेच संपला असे म्हणालो असतो. पण वाडकरने शतक केले, हर्ष दुबे ६५ धावा करीत त्याच्या साथीला उभा राहिला. पाचव्या दिवसापर्यंत सामना नेऊन आपण ३६८ वर आटोपलो आणि १६९ धावांनी हरलो. मुंबईचे ते बेचाळिसावे विजेतेपद. मी बेरजा केल्या, जुळल्या, आद्याक्षर घातले. हरलेल्या सामन्याचे पान तपासताना इतके समाधान मला पूर्वी कधी झाले नव्हते.

पुढच्याच हंगामात विदर्भाने उपांत्य सामन्यात त्याच मुंबईला ८० धावांनी हरविले आणि जामठ्याला अंतिम सामन्यात गाठ पडली केरळशी. केरळ प्रथमच अंतिम फेरीत आले होते आणि त्यांच्या संघात होता आदित्य सरवटे. होय, आपलाच तो; त्या हंगामापासून केरळकडून खेळू लागलेला. दादाची दृष्टी आता मधुमेहाने फार मंदावली आहे. दूरचित्रवाणीवर त्याला हलणाऱ्या सावल्या दिसतात. तो ऐकतो आणि सांगतो; लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. दानिश मालेवारच्या १५३ धावांच्या बळावर आपले ३७९ झाले. केरळच्या डावात सरवटे आपल्याविरुद्ध ठाण मांडून बसला आणि त्याने ७९ धावा केल्या. मला राग आला. मी म्हणालो, “याला आपण पाहायला गेलो होतो ना? आता आपल्यावरच उलटला.”

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मानूस दुसऱ्या दुकानात बसला म्हनून घरचा नाई राहत का? जाफर आपल्याकडं आला तवा तुले बरं वाटलं. लिव. एकोनऐंशी. चांगल्या अक्षरात लिव.”

मी लिहिले. ज्या माणसाने हे म्हटले, त्याला सोडून मी एकोणीस वर्षे दुसऱ्या दुकानात बसलो होतो. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. पाहूनही त्याला फारसे दिसले नसते. केरळ ३४२. करुण नायरने दुसऱ्या डावात १३५ केल्या, सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर २ मार्च २०२५ रोजी करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला. हर्ष दुबेने हंगामात ६९ बळी घेतले. रणजीच्या एका हंगामातील तो उच्चांक. दादाने तो आकडा लिहविला आणि खाली बेदीचे १९७४-७५ चे ६४ बळीही लिहावयास लावले, कारण तो उच्चांक चव्वेचाळीस वर्षे टिकला होता. नवी नोंद झाली म्हणून जुनी खोडावयाची नसते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये इराणी करंडकात अकोल्याच्या अथर्व तायडेने १४३ धावा केल्या आणि विदर्भाने शेष भारताला नमविले. तेही पान लिहून झाले आहे. विजयाची पाने आता बरीच जमली आहेत. पण आम्ही पंधरवड्याने बसतो तेव्हा दादा ती काढीत नाही. जुनी चोपडी काढतो. मी मोठ्याने आकडे वाचतो, तो मनातल्या मनात बेरीज करतो आणि बहुधा माझ्या आधी पोहोचतो.

यंदा क्षमापनेचे कार्ड आम्ही एकमेकांना पाठविले नाही. त्या दिवशी मी रिद्धपूरलाच होतो. २००१-०२ ची पाने चालू होती. अजून तीन चोपड्या तपासावयाच्या आहेत.